आमच्यात तसं नसतं

माझी मावशी लोकांना गाडी चालवायला शिकवायची. गावातली निम्मी माणसं कधी ना कधी तिच्या शेजारी बसून घामाघूम झालेली आहेत. शिकवायच्या गाडीत तिच्या पायाशी एक जादा ब्रेक होता, पण तो ती फारसा वापरत नसे. तिचा भरवसा आवाजावर. "आरसा केस विंचरायला दिलेला नाही!" एवढं म्हटलं, की शिकणाऱ्याचा पाय आपोआप जागेवर यायचा. पुढे गुडघे कुरकुरायला लागले आणि तिने ते काम सोडलं. आता घरी बसणं काही तिला जमेना. शेजाऱ्यांच्या गाडीत मागच्या सीटवर बसूनही ती गिअर बदलायच्या सूचना द्यायची, तेव्हा शेजाऱ्यांनी तिला सोबत न्यायचं बंद केलं.

घरात काका होते, म्हणजे तिचे यजमान. जन्म छापखान्यात गेलेला. यंत्रं धडधडत असताना शेजारच्या माणसाशी बोलायचं तर ओरडावंच लागतं. निवृत्त होताना बाकीच्यांनी घड्याळं आणली, काका तो आवाज घेऊन आले. जेवताना त्यांनी मीठ मागितलं, तर वरच्या मजल्यावरचं कुणी आणून देईल अशी परिस्थिती. त्यात अलीकडे नवीनच खोड लागली होती. मावशीला कुणी काही विचारलं, की उत्तर काका द्यायचे. डॉक्टरांनी मावशीला "काय होतंय?" म्हणायचा अवकाश, काका सुरू. "तिला काय होतंय! चिवट आहे ती! गुडघे तेवढे बघा!"

"मी काय मुकी आहे का?" मावशी म्हणायची.

"आणि झोप लागत नाही तिला," काका पुढे जोडायचे.

म्हातारा हट्टी झालाय, असं मावशीने जाहीर करून टाकलं होतं. आम्हा सगळ्यांनाही ते पटलं होतं.

अशात एक दिवस मावशीकडे तिची एक जुनी शिष्या आली. ही मोठ्या हॉस्पिटलात शिकवायची. सगळे तिला मॅडम म्हणायचे, एकटी मावशी तिला "खांबवाली" म्हणायची, कारण शिकताना तिने गाडी दिव्याच्या खांबाला नेऊन टेकवली होती. या मॅडमचं खातं होतं न्यूरोसायकॉलॉजीचं. एखाद्याच्या मेंदूला मार लागला, झटका आला, किंवा आठवण दगा द्यायला लागली, की अशा माणसाला समोर बसवून प्रश्न विचारायचे, चित्रं काढून घ्यायची, शब्द लक्षात ठेवायला सांगायचे, आणि काय बिघडलंय आणि काय शाबूत आहे ते शोधायचं. मोठी डिग्री घेतलेली मुलं हे काम शिकायला तिच्याकडे यायची.

"मुलं हुशार आहेत," मॅडम म्हणाल्या. "चाचण्या तोंडपाठ. पण चाचणी बनवणाऱ्याने समोर जो माणूस धरला होता, तसाच माणूस दरवेळी येतो का? कुणी शाळेत गेलेला नसतो, कुणाची भाषा वेगळी, कुणाच्या घरात अनोळखी माणसासमोर बोलायची पद्धत नसते. आमची मुलं त्याला सरळ कमी गुण देतात आणि मोकळी होतात. म्हणून मी एक नवीन तास सुरू केलाय. त्याला खोटा पेशंट हवाय. असा, की ज्याला बघून मुलं जरा घाबरतील."

"म्हणून माझ्याकडे आलीस."

"तुम्हाला फक्त विसराळू व्हायचंय."

"विसराळू? मी? अगं, त्या खांबाचा रंग सांगू का तुला?"

पण मावशीचे डोळे चमकले होते. तिला भूमिका दिली ती अशी: डोंगरापलीकडून आलेली, शाळेचं तोंड न पाहिलेली, हल्ली गोष्टी विसरायला लागलेली बाई. मावशीने कपाटातून सगळ्यात जुनी शाल काढली, आरशासमोर उभं राहून तोंड अर्धवट उघडं ठेवायचा सराव केला. काका बघत होते. म्हणाले, "दाढ दुखतेय का?"

हॉस्पिटलातली ती खोली लहान होती. एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर मोठा आरसा. आरशाच्या पलीकडे दुसरी खोली, आणि तिथून मात्र तो आरसा खिडकीसारखा दिसायचा. मॅडम आणि बाकीची मुलं तिथे बसून बघायची. पुढचं सगळं मला मावशीने सांगितलंय, म्हणजे त्यात मीठमसाला असणारच. पण मी मॅडमनाही विचारून घेतलं. त्या म्हणाल्या, मसाला कमीच पडलाय.

सुरुवात सरळ झाली. एका मुलाने तिला चित्रांचं पुस्तक दाखवलं. त्यात हार्पचं, म्हणजे लाकडी चौकटीत उभ्या तारा ताणलेल्या परदेशी वाद्याचं चित्र होतं.

"हे काय आहे?"

"अर्धी विणलेली खाट," मावशी म्हणाली.

मुलाने चूक अशी खूण केली. मॅडमनी नंतर त्याचे कान उपटले. "ज्या बाईने जन्मात हार्प पाहिलेला नाही, तिला त्यात खाट दिसली तर तिचा मेंदू बिघडला की तुझं पुस्तक?" मुलगा ओशाळला. बाकीच्यांनी ताबडतोब वहीत लिहून घेतलं. आणि इथेच गाडी घसरली. कारण दुसऱ्या दिवसापासून ती मुलं इतकी सांभाळून वागायला लागली, की मावशीला कंटाळा आला.

त्या कंटाळ्यातूनच पहिली थाप निघाली. एका मुलीने तिला वीसपासून उलटं मोजायला सांगितलं. मावशीला वीसपासून उलटं मोजून मोजून उबग आला होता. ती शांतपणे म्हणाली, "आमच्यात दिवस मावळल्यावर उलटं मोजत नाहीत."

मुलगी दचकली. "पण मावशी, आत्ता तर सकाळ आहे."

"डोंगरापलीकडे लवकर मावळतो."

मुलीने क्षणभर विचार केला, मान हलवली, आणि तो प्रश्न सोडून दिला! मावशी म्हणते, "त्या क्षणी मला कळलं, की आपल्या हाती खजिना लागलाय."

मग काय, डोंगरापलीकडच्या त्या बिचाऱ्या समाजात रोज नव्या रूढी जन्माला यायला लागल्या. घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं, तर आमच्यात पाहुण्यासमोर घड्याळ काढत नाहीत, त्याला जा म्हटल्यासारखं होतं. पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले, तर आमच्यात विचारणाऱ्याने आधी स्वतः करून दाखवायचं असतं. त्या मुलाने खरंच करून दाखवलं, आणि दोन शब्द विसरला. मावशीने त्याच्या हातावर थोपटलं. "चालायचंच रे. घरी कुणाला सोबत घेऊन येत जा."

कळस झाला तो हत्तीचा. प्राण्यांची चित्रं चालली होती. हत्ती आला, आणि मावशीने शाल तोंडावर ओढली.

"काय झालं?"

"आमच्यात बायका त्याचं नाव घेत नाहीत."

"का?"

"सासऱ्यांच्या जागी असतो तो."

मुलाने आवाज खाली आणला. "बरं. मग आपण त्याला... ते मोठे... म्हणूया?"

"म्हणा," मावशी शालीआडून म्हणाली. शाल हलत होती. मुलाला वाटलं, बाई रडतेय. त्याने रुमाल पुढे केला.

मॅडमना त्या आठवड्यात आरशामागे बसायला सवडच मिळाली नव्हती, म्हणून मुलांनी आठवड्याची टिपणं त्यांच्याकडे दिली. मॅडम चहा पीत वाचायला बसल्या. एकाने लिहिलं होतं, या समाजातील रुग्णांच्या चाचण्या शक्यतो भल्या पहाटे घ्याव्यात. दुसऱ्याने लिहिलं होतं, प्राण्यांच्या चित्रांतून हत्ती वगळण्यात यावा, स्त्री रुग्णांच्या भावना दुखावतात. चहा टेबलावर सांडला. मॅडमनी मावशीला बोलावून दार लावून घेतलं.

"मावशी, हा हत्ती कुठून आला?"

मावशीने पंख्याकडे पाहिलं. "सुटला गं हातून."

मॅडम रागावणार होत्या. त्यांनी तसा प्रयत्नही केला. पण टिपणांतले "ते मोठे" हे शब्द पुन्हा डोळ्यांसमोर आले आणि त्यांना चष्मा काढून ठेवावा लागला. हसून झाल्यावर त्यांनी टिपणं पुन्हा पहिल्यापासून वाचली. दुसऱ्या दिवशी त्यांनी मावशीला वर्गासमोर उभं केलं, शालीशिवाय, आणि खरं काय ते सांगायला लावलं. मुलांचे चेहरे बघण्यासारखे झाले. रुमाल देणारा तर कानापर्यंत लाल.

"आधी तुम्ही समोरच्याचं काहीच मानत नव्हता," मॅडम म्हणाल्या. "आता काहीही मानता. दोन्हीत गंमत एकच आहे. त्या माणसाशी बोलायचे कष्ट वाचतात."

मागच्या बाकावरून एका मुलीने हात वर केला. तिला सगळे हळूबाई म्हणायचे. तिचा पेपर सगळ्यात शेवटी, तिचा डबा सगळ्यात शेवटी, जिन्यावरसुद्धा तीच शेवटी. "मग मॅडम, खरी पद्धत कुठली आणि थाप कुठली, हे ओळखायचं कसं?"

"विचारायचं. बघायचं. उत्तर पटलं नाही तर पुन्हा विचारायचं. दुसरा जवळचा रस्ता नाही."

हळूबाईने ते लिहून घेतलं. तिचं लिहून होईपर्यंत वर्ग रिकामा झाला होता.

शेवटी परीक्षा आली. मॅडमनी या वेळी डाव बदलला. खरा पेशंट एकटा येत नाही, सोबत घरचं माणूस असतं. त्या माणसाला कसं सांभाळायचं, हेही शिकण्यातच येतं. "तुमच्या घरचं कुणी येईल का?" त्यांनी मावशीला विचारलं.

"घरचे आहेत. पण मला बोलू देत नाहीत."

"तेच हवंय!"

मावशीने खाली मान घालून शालीला इस्त्री करता करता काकांना सगळं समजावलं. मी पेशंट, तुम्ही माझे यजमान, मुलं प्रश्न विचारतील, तुम्ही नेहमीसारखंच वागा. काका प्रत्येक वाक्याला "हो, हो, बरोबर" म्हणाले. परीक्षेच्या दिवशी कोट घालून, बुटांना पॉलिश करून तयार झाले. वाटेत त्यांनी विचारलं, "लग्न कुणाचं आहे?" मावशीला वाटलं, म्हातारा टिंगल करतोय.

परीक्षेत मुलांची परीक्षाच झाली. पहिल्याने मावशीला विचारलं, "तुम्हाला काय त्रास होतो?"

"गुडघे!" काका गरजले.

"काका, तुम्ही जरा बाहेर बसता का?"

"बसलोय की!"

दुसरा शहाणा. त्याने मोठ्या नम्रपणे कागदपत्रं चाळत चाळत विचारलं, "काका, आपली परवानगी असेल तर मी मावशींशी थोडं बोलू का?" काका म्हणाले, "शाई महाग झाली. नाहीतर आमचा छापखाना अजून चालला असता." मुलाने समजून घेतलं की परवानगी नाही. तिसरीने काकांना बाहेर चहा घ्यायला सुचवलं. काकांनी चहा इथेच मागवला आणि बिस्किटंही.

सगळ्यांनी नोंद केली ती साधारण एकच. घरात पुरुषाचा शब्द चालतो. पत्नीच्या वतीने पतीच उत्तरं देतात. कुटुंबाच्या पद्धतीचा मान राखून पतीकडूनच माहिती घेतली. आरशापलीकडे मॅडम खुशीत होत्या, कारण त्यांनी गुणांची जी वाटणी केली होती तीही तशीच होती. नवऱ्याला न दुखावता जो काम काढून घेईल त्याला जास्त गुण.

सगळ्यात शेवटी अर्थातच हळूबाई. आत आली, खुर्ची सरकवली, पेन्सिल पाडली. पेन्सिल गडगडत टेबलाखाली गेली. हळूबाई टेबलाखाली शिरली आणि वेळ वाया जाऊ नये म्हणून तिथूनच तिने विचारलं, "मावशी, झोप कशी लागते?"

कुणीच उत्तर दिलं नाही. मावशी सवयीने गप्प होती, आता काका बोलणार म्हणून. काका आरशात बघून टाय सारखा करत होते.

हळूबाई वर आली. "आणि भूक?"

"दोन वेळा जेवते, वर माझ्या ताटातलं!" काका म्हणाले.

हळूबाई थांबली. पेन्सिल हातातच राहिली. आरशापलीकडे कुणीतरी जांभई दिली, कारण हळूबाईचं थांबणं काही नवीन नव्हतं. मग तिने चित्रांचं पुस्तक उचललं, तोंडासमोर धरलं, आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "काका, तुमचं लग्न कुठे झालं?"

"हो, हो, बरोबर," काका म्हणाले.

तिने पुस्तक खाली घेतलं. "काका, तुमचं लग्न कुठे झालं?"

"छापखान्याच्या मागच्या हॉलमध्ये! पत्रिका मीच छापली. हिच्या नावात चूक राहिली, ती अजून ऐकतोय!"

पुस्तक पुन्हा वर गेलं. "काका, तुमच्या मागे हत्ती उभा आहे."

"चालायचंच," काका म्हणाले. "कोण काय करणार!"

आरशापलीकडे मॅडम उठून उभ्या राहिल्या. आणि आरशाच्या या बाजूला मावशी आपली भूमिका विसरली. म्हणजे विसराळूपणाच विसरली. तिने काकांकडे नीट पाहिलं, जसं कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. मग शालीचा पदर तोंडावर धरून म्हणाली, "अहो, तुम्हाला ऐकूच येत नाही का?"

काका हसून म्हणाले, "बरोबर."

काकांना काहीतरी चुकलं एवढं कळलं. ते एकदा हिच्या तोंडाकडे, एकदा तिच्या तोंडाकडे बघायला लागले. हळूबाईने आपली खुर्ची उचलली, टेबलाला वळसा घालून त्यांच्या अगदी समोर नेऊन ठेवली, आणि ओठ नीट हलवत विचारलं, "काका, कधीपासून?"

काकांचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला. "नक्की नाही सांगता येत. मला आधी वाटलं, लोकच हल्ली कमी बोलतात. बरं वाटलं. मग टीव्हीपण कमी बोलायला लागला."

"पण तुम्हाला सगळं कळतं..." हळूबाई म्हणाली.

"तोंडं वाचता येतात. छापखान्यात सगळ्यांनाच यायची. माणूस समोर असला की अडत नाही."

मावशी उसळली. "मग मला विचारलेल्याची उत्तरं तुम्ही का देता?"

काका बुटांकडे बघत म्हणाले, "मी बोलत असलो, की मला कुणी काही विचारत नाही."

मावशीने शाल काढली, घडी घातली, आणि उगाचच काकांच्या टायची गाठ सोडून पुन्हा बांधली, जरा आवळूनच.

मॅडमनी त्या दिवशी मुलांना घरी सोडलं नाही. सगळ्यांसमोर त्यांनी आपला गुणांच्या वाटणीचा कागद फाडला. "तुम्ही लिहिलंत, हे त्यांच्या पद्धतीचं आहे. मीही तेच धरून बसले होते. त्या माणसाचे कान गेलेत, आणि आपण सगळे मिळून त्यांच्या पद्धतीचा मान राखतोय!" मग त्यांनी हळूबाईला विचारलं, संशय आला कशावरून.

"मला वेळ लागतो, मॅडम," हळूबाई म्हणाली. "बाकीचे पुढच्या प्रश्नावर जातात, मी आधीच्याच उत्तरापाशी असते. त्यांचं उत्तर प्रश्नाला बसत नव्हतं. म्हटलं, बघू तरी."

काकांना कानाच्या डॉक्टरकडे न्यायचं म्हणजे दुसरं महाभारत होतं. "कानात बटण घालायला मी काय रेडिओ आहे?" म्हणून ते अडून बसले. मावशीने तोंडावर हात ठेवून त्यांना काहीतरी सुनावलं. काय ते त्यांना कळलं नाही, आणि जन्मभर कळणार नाही या धास्तीने ते मुकाट गाडीत बसले.

यंत्र कानात बसलं आणि घरातला कारभार पार उलटला. पहिले काही दिवस काका फ्रिजजवळ उभे राहून तो कसा गुणगुणतो ते ऐकत होते. आपल्याच चपलांना घाबरत होते. त्यांचा आवाज इतका खाली आला, की वरच्या मजल्यावरची बाई चौकशीला आली, सगळं ठीक आहे ना म्हणून. खरी पंचाईत झाली मावशीची. गेली काही वर्षं ती काकांच्या पाठीमागे उभी राहून, भाजी चिरता चिरता, त्यांच्याविषयीचं आपलं मत मोकळेपणाने बोलत आली होती. परवा असंच ती पुटपुटली, "देवा, या माणसाला एकदा तरी..."

"एकदा तरी काय?" काकांनी पेपर न हलवता विचारलं.

मावशी हल्ली त्यासाठी गच्चीत जाते.

मॅडमच्या तासाला आता दोघं जातात. काका नवीन मुलांसमोर यंत्र खिशात टाकून बसतात आणि नवरा म्हणून धमाल उडवतात. घरी आल्यावर कुणाचं काम सरस झालं यावरून भांडण होतं, आणि त्यात दोघंही एकमेकांचं पूर्ण ऐकून घेतात, ही आमच्या घरात नवलाई आहे. हळूबाई शिकून दुसऱ्या गावच्या हॉस्पिटलात लागली. तिच्या दारात रांग लागते असं ऐकते. लोक कुरकुरतात, पण थांबतात.

संध्याकाळी मावशी आणि काका खिडकीशी बसतात. काकांनी मागणी केली आहे, की मधल्या वर्षांत आपलं जे ऐकायचं राहिलं ते सगळं सांग. कोणाचं कोणाशी बिनसलं, कोण कुठे पळालं, परगावी असलेल्या मुलीने फोनवर काय काय सांगितलं. मावशी रोज एक एक प्रकरण काढते. परवा मीही तिथे होते. ती समोरच्या दुकानदाराची अशी काही हकिगत सांगत होती, की माझ्या हातातला कप थांबला. तो दुकानदार तसा माणूसच नाही. मावशी आत गेली तेव्हा मी काकांना म्हटलं, "काका, हे खरं वाटतं तुम्हाला?"

"निम्मं खोटं आहे," काका हळूच म्हणाले. "पण आत्ता टोकू नकोस. मग ती थांबते."